पुणे ते कांदोळी: सहा माणसं, एक गाडी आणि भाड्याचा फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून स्वतःच्या अर्टिगाने गोव्याला जायचं आहे. नवरा-बायको, सत्तरीचे आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. आईंचे गुडघे दुखतात, मुलाला गाडी लागते. कांदोळीला समुद्राजवळ टू बीएचके फ्लॅट पाच रात्रींसाठी बघताहेत. एका दिवसात जमेल का, कुठल्या घाटाने उतरावं, फ्लॅट घेताना काय बघावं?

एका दिवसात जमतं. आंबोलीमार्गे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर, थांबे धरून अकरा तास. अट एकच, दुपारी दोनच्या आत घाट उतरलेला हवा. त्यासाठी पहाटे पाचला गाडी नवले पुलाच्या पुढे गेलेली पाहिजे. सातला 'निघतोच आहोत' म्हणणाऱ्या घराने कोल्हापूरचा मुक्काम धरावा, त्यात कमीपणा काही नाही. सुट्टी लागल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी खेड-शिवापूरपर्यंतच दीड तास जाऊ शकतो. मंगळवार-बुधवार मिळत असेल तर फ्लॅटही स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. फ्लॅट घेतलात की हॉटेलात चार-पाच पगारी माणसं करतात ती सगळी कामं तुमच्याकडे येतात: पाणी, कचरा, चादरी, नाश्ता, ओले टॉवेल. ही कामं घरातल्या एकाच बाईवर पडणार असतील तर त्या बाईची सुट्टी झाली असं म्हणता येणार नाही. निघण्यापूर्वी वाटून घ्या. सहाच्या सहा जण तिन्ही वेळा बाहेरच जेवणार असाल, तर फ्लॅटपेक्षा हॉटेलच्या दोन खोल्या बऱ्या.

रस्ता आणि घाट

पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर-निपाणी हा टप्पा सुमारे २७० किलोमीटरचा. सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणाची कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. वळणरस्ते, अर्धवट उड्डाणपूल, मध्येच संपणारी लेन, हे गृहीत धरूनच वेग ठेवा. टोलनाके पाच: खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि कर्नाटकात शिरताना कोगनोळी. फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा तीन हजारांचा होता) राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर चालतो आणि त्यात २०० फेऱ्या मिळतात. एक नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे या सहलीत जाऊन-येऊन दहा जातील. वर्षात दोन-तीनदा कोल्हापूरकडे जाणं होत असेल तर हिशेब करून बघा.

निपाणीहून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा हा मार्ग तुमच्यासाठी बरा. आजऱ्यापर्यंत चढउतार सौम्य आहेत, खरा घाट आंबोलीच्या पुढे सुरू होतो आणि आंबोली ते सावंतवाडी अंतर तीसेक किलोमीटरच आहे. बेळगावहून चोर्ला घाटाचाही पर्याय आहे, पण जांबोटीच्या पुढचा रस्ता पावसानंतर किती दुरुस्त झालाय त्यावर सगळं अवलंबून, आणि वळणांचा पट्टा लांब असल्याने गाडी लागणाऱ्या मुलाला तो जड जातो. राधानगरी-दाजीपूरहून फोंडा घाट उतरून कणकवलीला आलात तर पुढे बांद्यापर्यंत चौपदरी महामार्ग मिळतो, मात्र अंतर वाढतं. अनमोड घाटाचा विचार दक्षिण गोव्यात, कोलवा-बाणावलीकडे राहणाऱ्यांनी करावा, कांदोळीसाठी त्यात काही हशील नाही.

वेळेचा आराखडा असा बसतो. सात-सव्वासातला सातारा, तिथे नाश्ता. दहाच्या सुमारास कोल्हापूर बाहेरूनच टाकायचं, पावणेअकराला निपाणी, बाराला आजरा. आजऱ्याला पोटभर जेवू नका. दहीभात, केळं, खाकरा इतकंच. जेवण घाट उतरल्यावर सावंतवाडीला. घाटाआधी मिसळ-पाव किंवा तांबडा रस्सा चापला की पुढच्या तासाभरात त्याची किंमत मागच्या सीटवर मोजावी लागते. आजरा घनसाळ तांदूळ मात्र इथूनच दोन किलो घ्या. फ्लॅटवर रोजच्या भाताला उपयोगी पडतो, आणि या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही.

मुलाच्या मळमळीचं औषध कुठलं आणि किती, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. तुम्ही त्यांना वेळ नीट सांगा: वळणं पहाटे पाचला नाही, दुपारी बारानंतर सुरू होतात. पुण्यात निघताना डोस देऊन टाकायचा आणि घाटात आश्चर्य करत बसायचं, हे सर्रास होतं. बाकी उपाय साधे. आजऱ्यानंतर मोबाइल बंद, नजर लांबवर. एसी आतलीच हवा फिरवण्यावर न ठेवता बाहेरची हवा घेईल असा ठेवा. गाडीत मोगऱ्याचा किंवा लिंबाचा अत्तरवजा सुगंधक टांगलेला असेल तर निघण्यापूर्वीच काढून टाका, अर्धी मळमळ त्याची असते. झाकणाचा रिकामा डबा, दोन ओले नॅपकिन आणि मुलाचा एक बदली शर्ट ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या पायाशी ठेवा. डिकीत ठेवलेल्या पिशव्या वेळेवर मिळत नाहीत.

घाट उतरताना दुसरा गिअर, काही वळणांवर पहिला. ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरला अडकवून ठेवायची सोय वापरा, नुसत्या डी-वर उतरू नका. सहा माणसं आणि सामान भरलेली गाडी उतारावर सतत ब्रेक दाबून आणली की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. असं झालं तर मोकळी जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि पंधरा-वीस मिनिटं ब्रेक निवू द्या. तापल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवू नका आणि चाकांवर पाणी तर अजिबात ओतू नका, गरम डिस्क वाकते. घाटात मोबाइलची रेंज जाते येते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका.

गाडीत कोण कुठे, सामान कुठे

अर्टिगासारख्या गाडीत तिसरी रांग पूर्ण उघडली की डिकीत जेमतेम २०० लिटर जागा उरते, म्हणजे दोन मऊ बॅगा. सहा जण असल्याचा फायदा घ्या. तिसरी रांग निम्मी-निम्मी मुडपते. अर्धी मुडपून तिथे सामान, उरलेल्या अर्ध्यात एक माणूस. मुलाला तिथे पाठवू नका, सगळ्यात जास्त हेलकावे मागेच बसतात. तिथे नऊ वर्षांची मुलगी, किंवा ज्याला काहीच लागत नाही असा मोठा माणूस. ज्यांचे गुडघे दुखतात त्या आजी पुढे बसतील, सीट मागे सरकवून. मधल्या रांगेत कडेला मुलाची चाइल्ड सीट, मध्ये आई, पलीकडे आजोबा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्यात हजार रुपये दंड आहे, पण खरं कारण दंड नाही. मांडीवर घेतलेलं चार वर्षांचं मूल जोरदार ब्रेकला कुणालाच धरून ठेवता येत नाही.

कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅगा घ्या, त्या कोपऱ्यात दबतात. टायरमध्ये हवा किती, हे दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोन रकान्यांत लिहिलेलं असतं. तुम्ही 'पूर्ण भार' हा रकाना बघायचा, आणि हवा टायर थंड असताना, म्हणजे आदल्या संध्याकाळी घराजवळच्या पंपावर भरायची. मागे वजन आलं की गाडीचं नाक उचलतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगजवळ हेडलाइट खाली-वर करणारं छोटं चाक असेल तर ते दोन किंवा तीनवर आणा. पहाटेच्या अंधारात त्याचा फरक पडतो. पेट्रोलची टाकी ४५ लिटरची, आणि भरलेली गाडी लिटरला सोळा-सतरा जरी गेली तरी २७-२८ लिटर लागतात. पुण्यात टाकी भरली की वाटेत थांबायचं कारण नाही. परतीचं पेट्रोल गोव्यात भरा, तिथे बहुतेक वेळा दर कमी असतो. सीएनजीवाल्यांनी घाटरस्त्यावर आणि कोकणात पंप विरळ आहेत हे धरून पेट्रोलचा काटाही वर ठेवावा.

सगळ्यात शेवटी भरायची, म्हणजे सगळ्यात आधी निघणारी पिशवी ही पहिल्या संध्याकाळची. त्यात चहा, साखर, दुधाची पावडर, दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, हळद-हिंग-मीठ, तूप, लायटर, साबण, भांडी घासायची घासणी, दोन टॉवेल, सगळ्यांचे रात्रीचे कपडे आणि चार्जर. साडेचारला फ्लॅटवर पोचल्यावर कुणाच्यातच बाजारात जायचं त्राण नसतं. या मापात सहा जणांची खिचडी होते. कुकर पाच लिटरचा न्या. तीन लिटरच्या कुकरमध्ये एवढी खिचडी टाकली की ती शिट्टीतून ओट्यावर येते. आजी-आजोबांची औषधं मात्र या पिशवीतही नकोत, ती पुढच्या माणसाच्या पर्समध्ये, पाच दिवसांऐवजी आठ दिवसांची.

फ्लॅट ठरवताना मालकाला काय विचारायचं

फोटोत जलतरण तलाव आणि पांढरी चादर सगळ्यांकडेच असते. विचारायचं ते वेगळंच.

पहिलं, जागा नेमकी कुठे. 'बीचपासून पाच मिनिटं' ही कुणाची पाच मिनिटं, स्कूटरची की आजींची? नकाशावरची खूण मागा आणि पायी अंतर स्वतः मोजा. कांदोळीचा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो, त्याच्यापासून गल्ल्यांनी आत जावं लागतं आणि गल्ली संपल्यावर मऊ, कोरड्या वाळूचा पट्टा पार करायचा असतो. गुडघेदुखीला तो पट्टाच नडतो, डांबरी रस्ता नाही. मुख्य रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी नेता येईल असा फ्लॅट बघा. मग मजला आणि लिफ्ट. लिफ्ट आहे, पण वीज गेल्यावर चालते का? इन्व्हर्टर असला तरी तो दिवे-पंखे चालवतो, एसी नाही. सोसायटीला जनरेटर आहे का आणि तो काय काय उचलतो, हे एकाच प्रश्नात विचारा.

दुसरं, स्वयंपाकघर. 'फुल्ली इक्विप्ड किचन' या शब्दांवर जाऊ नका, ड्रॉवर उघडून फोटो पाठवायला सांगा. पोळपाट-लाटणं, तवा, कढई, चिमटा, धारेची सुरी, मिक्सर, वॉटर प्युरिफायर, यातलं काय आहे? शेगडी गॅसची की इंडक्शनची? इंडक्शन असेल तर तुमचा साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे तापणारच नाही, बुडाला इंडक्शनचा थर असलेला न्यावा लागेल. गॅस असेल तर सिलिंडर मध्येच संपला तर दुसरा कोण, किती वेळात लावणार?

पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार तुम्हाला जवळजवळ रोज एक लागेल. सहा जणांचे दोन-सव्वादोन लिटरच्या हिशेबाने तेरा-चौदा लिटर पिण्याचे आणि उरलेले चहा, वरण, भाताचे. दुकानदार जार घरपोच देतो का आणि वर उचलून ठेवतो का, हे केअरटेकरला माहीत असतं.

तिसरं, पैसे आणि कागद. गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. देणारा लगेच देतो, न देणारा विषय बदलतो. समाजमाध्यमांवर दुसऱ्याच्या फ्लॅटचे फोटो टाकून यूपीआयवर पूर्ण रक्कम घेऊन गायब होण्याचे प्रकार गोव्यात भरपूर झाले आहेत, आणि त्यांचा हंगाम म्हणजे दिवाळी आणि नाताळ. व्हिडिओ कॉलवर फ्लॅटचं दार बाहेरून उघडून आत यायला सांगा, गॅलरीतून रस्ता दाखवायला सांगा. खात्री पटली नाही तर पैसे सोडा, जागा खूप आहेत. विजेचं बिल भाड्यात धरलंय की युनिटप्रमाणे वेगळं, स्वच्छतेचे पैसे एकदाच की रोज, अनामत किती आणि कधी परत, जादा गादी मिळेल का, हे सगळं मेसेजमध्ये लिहून घ्या.

तलावाबद्दल वेगळं विचारा. वेळा काय, मुलांचा उथळ भाग आहे का, कुठल्या दिवशी बंद. सुती चड्डी-बनियन घालून उतरू देत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरूनच न्या. काही सोसायट्या भाड्याने उतरलेल्या पाहुण्यांना तलाव वापरू देत नाहीत, आणि ही गोष्ट मालकाला माहीत असूनही तो सांगत नाही. पार्किंगची जागा ठरलेली आहे का, हेही. कांदोळीत रस्त्यावर गाडी लावून निर्धास्त झोपता येत नाही.

पोचल्या पोचल्या, बॅगा उघडण्यापूर्वी, दार ते गॅलरी असा सलग व्हिडिओ काढा. फुटलेली टाइल, डागाळलेली गादी, गळका नळ, सगळं त्यात येऊ द्या आणि तो मालकाला पाठवून द्या. अनामतीचे वाद तिथेच संपतात. पावसाळ्यात बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये कोंदट वास असतो. कपाटं उघडी टाकून एसी तासभर 'ड्राय'वर चालवला की बराचसा जातो.

समुद्र

दिवाळी आणि भरतीचा एक संबंध लक्षात ठेवण्यासारखा आहे. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे त्याच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येतं आणि जास्त मागे जातं. कोकणात चालणारा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याचा साधारण तास मिळतो. अमावस्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. भाऊबीजेला, द्वितीयेला, दीड. पंचमीला पावणेचार. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण दिवसाची आखणी यावर करता येते. लक्ष्मीपूजनाच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते, ओल्या घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि गुडघेदुखीची माणसंही त्यावर आरामात चालतात. पंचमीच्या पुढे त्याच वेळी पाणी वर असतं, आजींना चालायला मऊ वाळूच उरते. मग त्यांचा फेरफटका सकाळी.

मुलांना पाण्यात न्यायची वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा आणि दुपारी साडेचारनंतर. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून राज्य सरकारने दृष्टी मरीन या संस्थेचे जीवरक्षक नेमले आहेत. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा ही त्यांची वेळ. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही. दिवाळीच्या दिवसांत सूर्य सहानंतर लगेच मावळतो, म्हणजे सूर्यास्त बघत पाण्यात उभं राहण्याची वेळ आणि जीवरक्षक निघून जाण्याची वेळ नेमकी एकच. पावणेसहाला मुलं बाहेर, सूर्यास्त वाळूवरून.

लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर तो पट्टा पोहायला सोयीचा समजू नका. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच ओढीने परत जात असतं. त्यात सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे जोर लावू नये. किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर यावं, नाही जमलं तर तरंगत राहून हात वर करावा.

लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे, हवेची ट्यूब. या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. समुद्र आरशासारखा दिसतो, आणि ट्यूबमधलं मूल कुणाच्या लक्षात येण्याआधी आत सरकलेलं असतं. ट्यूब तलावात ठीक. समुद्रात पायांमधून पट्टा असलेलं लाइफ जॅकेट, पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, आणि एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर, ज्याच्या हातात मोबाइल नाही.

जेलीफिश लागली तर गोड्या पाण्याने धुऊ नका, वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला गाठा. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं, काचेच्या बाटल्या आणि गाडी वाळूवर उतरवणं यांना बंदी आणि दंड आहे. स्कूटर भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर स्वस्त मिळते, पण भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. आजारपणासाठी कांदोळीतच प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठं काही असेल तर म्हापशाचं जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. रुग्णवाहिकेला १०८.

फ्लॅटमधले दिवस

सकाळचा नाश्ता पोदेर, म्हणजे पाववाला, दारात आणतो. सहा-सातच्या सुमारास सायकलच्या भोंग्याचा आवाज आला की खाली जा आणि पाव, उंडे, पोळी (कोंड्याची ती पोळी, आपली नव्हे) घ्या. दुपारचं जेवण घरी, रात्रीचं बाहेर, हा क्रम सहा जणांना झेपतो. उन्हाच्या वेळी घरात राहणं होतं आणि स्वयंपाकही एकदाच. घरून मसाल्याचा डबा, गोडा मसाला, पोहे, रवा, तूरडाळ अर्धा किलो आणि कोकम न्या. कांदे-बटाटे, तेल, दूध तिथे.

मासळी सकाळी साडेआठपर्यंत घ्या. सुरमईला तिथे इसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां. शुक्रवार मिळाला तर म्हापशाच्या आठवडी बाजारात जा, गाडी बाजारापासून लांब लावून. साधारण एक किलो बांगडे म्हणजे मध्यम आकाराचे सहा-आठ, तुम्हाला एका जेवणाला पुरे. थोडे पैसे जास्त देऊन विकणारीकडूनच साफ करून घ्या, फ्लॅटच्या सिंकमध्ये खवले काढायला बसू नका. तिसऱ्या (शिंपल्या) आणल्यात तर मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, वाळू सोडतात. मासे तव्यावर, कमी तेलात, खिडकी उघडून. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये तळणीचा वास पडद्यांना बसला की अनामतीतून धुलाई वजा होते.

कचऱ्याची गाडी रोज येतेच असं नाही. माशाची डोकी, कोळंबीची टरफलं दुहेरी पिशवीत गाठ मारून थेट फ्रीजरमध्ये ठेवा आणि गाडीच्या दिवशी बाहेर काढा. ऐकायला विचित्र वाटेल, पण दुसऱ्या दिवशीच्या मुंग्या आणि वास दोन्ही वाचतात. ओला-सुका वेगळा ठेवावाच लागतो.

वाळूचा बंदोबस्त दारातच करा. तळमजल्यावर नळ असतो, पाय आणि खेळणी तिथे धुवा. अंग कोरडं झाल्यावर टाल्कम पावडर चोळली की चिकटलेली वाळू गळून पडते, मुलांच्या पायांना टॉवेलने खसाखसा पुसावं लागत नाही. वाळूचे कपडे झटकून, एकदा बादलीत खळबळूनच वॉशिंग मशीनमध्ये टाका, नाहीतर फिल्टर आणि पंपात वाळू बसते आणि मशीन पाणी सोडेनासं होतं. ते बिलही तुमच्याच नावावर येतं.

परत निघताना

चेकआउट अकराचं असतं म्हणून अकराला निघू नका. त्या हिशेबाने पुणे रात्री दहाला येतं. सहा-सातला निघा. आदल्या संध्याकाळी केअरटेकरला बोलावून फ्लॅट दाखवा, गॅस-नळ-मीटर त्याच्यासमोर बघा, अनामतीचं बोलणं तेव्हाच संपवा. मग सकाळी फक्त किल्ली द्यायची.

गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खातं गाड्या तपासतं. एखादी बाटली भेट म्हणून घ्यायचा मोह झाला तर डिकी रस्त्यावर उपसून दाखवायची तयारी ठेवा. त्यापेक्षा सावंतवाडीत चितारआळीत थांबून लाकडी खेळणी घ्या, मुलांचा पुढचा घाट त्यात निघून जातो. चढताना मळमळ कमी होते असं नाही, मुलाचं औषध या वेळी निघताना, कारण घाट दोनेक तासांत येतो.

परतीच्या रस्त्यावर सगळ्यात जपायची जागा शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार. ब्रेक निकामी झालेले जड ट्रक इथे मागून आदळल्याचे अपघात वारंवार झाले आहेत. घर आलं म्हणून सैल पडू नका. बोगद्यातून बाहेर येतानाच वेग कमी करा, ट्रकच्या पुढे लगेच घुसू नका, आरशात मागे बघत उतरा.

दुसऱ्या दिवशी गाडी खालून पाण्याच्या जोराने धुऊन घ्या, चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा विशेषतः. पायपुसणी बाहेर काढून उन्हात टाका आणि सीटच्या सरकपट्ट्यांमधली वाळू व्हॅक्यूमने ओढून घ्या. नाहीतर पुढची सीट सरकवताना ती महिनाभर करकरत राहते.